फिरत्या घरातून पाहिलेला ऑस्ट्रेलिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



परदेशप्रवासाची भाषणे आपण या मंडळात पुष्कळ ऐकली आहेत. उंच इमारती, स्वच्छ रस्ते, वेळेवर येणाऱ्या गाड्या, आणि शेवटी "पण आपल्या घरासारखे सुख नाही" हे ठरलेले वाक्य. त्यात माझी भर कशाला, असे मी चिटणीसबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "तुम्ही बिऱ्हाड मागे बांधून हिंडलात ना? मग बिऱ्हाडाचेच सांगा." तेव्हा आज बिऱ्हाडाचे सांगते. आणि ते सांगता सांगता तेथल्या बायकांचे सांगणार आहे, कारण खरे सांगायचे तर मनात घर करून राहिले ते तेच.

ऑस्ट्रेलिया म्हटला की आपल्यापुढे क्रिकेट उभे राहते, नाही तर सिडनीचे ते शिंपल्यांसारखे नाट्यगृह. आम्ही त्या बाजूला फिरकलोच नाही. माझी धाकटी लेक आणि जावई देशाच्या अगदी उत्तर टोकाला, डार्विन शहरी असतात. त्या प्रांताला नॉर्दर्न टेरिटरी म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहूनही मोठे. आणि माणसे किती? अडीच लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या निफाड तालुक्यात याहून जास्त माणसे नांदतात. या एवढ्या प्रदेशातून उत्तर-दक्षिण असा एकच मोठा रस्ता जातो, स्टुअर्ट महामार्ग. डार्विनहून त्या रस्त्याने अ‍ॅलिस स्प्रिंग्स सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे नाशिकहून दिल्ली गाठूनही पुष्कळ रस्ता उरेल इतके. तेथून उलुरू नावाचा प्रचंड खडक आणखी साडेचारशे. एवढा प्रवास आम्ही जुलै महिन्यात कॅरव्हॅनने केला.

कॅरव्हॅन म्हणजे काय, तर मोटारीच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर. लांबी आपल्या एका बऱ्यापैकी खोलीएवढी. त्यात दोन बाजूंस झोपण्याच्या फळ्या, मध्ये घडीचे टेबल, एका भिंतीला शेगडी आणि हात धुण्याएवढे भांडे. खाली पाण्याची टाकी, पुढे गॅसची टाकी. दाराशेजारी गुंडाळून ठेवलेले कापडी छत असते. मुक्कामाला पोचले की ते ओढून काढायचे, की झाली पडवी! प्रत्येक कपाटाला कडी, प्रत्येक डब्याला घट्ट झाकण, आणि गाडी हलण्यापूर्वी घरातल्या बाईने सगळ्या कड्या हाताने चाचपून पाहावयाच्या, हा तेथला नियम. मिसळणाचा डबा मी पायमोज्यात घालून ठेवीत असे. हसू नका, दोन हजार किलोमीटरांत हळदीचा एक कण सांडला नाही.

खरी कसोटी पाण्याची. टाकी भरली की हिशेब सुरू. भांडी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत, भाजी धुतलेले वेगळ्या. कुकरमधले पाणीसुद्धा मी वाया जाऊ दिले नाही. लेक म्हणाली, "आई, तुला हे शिकवावे लागले नाही." मी म्हटले, शिकवायचे काय त्यात? १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने एका घागरीत सहा माणसांचे भागविलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

रात्रीच्या मुक्कामासाठी ठिकठिकाणी कॅरव्हॅनचे तळ असतात. तेथे वीज जोडून मिळते, सामाईक न्हाणीघर, कपडे धुण्याची यंत्रे, कोठे सामाईक स्वयंपाकघरही. तळावर बहुतेक मंडळी साठीच्या पुढची! नोकरीतून मोकळे झालेले नवरा-बायको घर बंद करून सहा सहा महिने असे हिंडतात. त्यांना तेथे गमतीने 'पांढऱ्या केसांचे भटके' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे या वयात काशी-रामेश्वर करतात, तसेच म्हणा. फरक एवढाच की तेथे मुक्कामाला पोचल्यावर छत ओढण्याचे काम नवऱ्याचे आणि स्वयंपाकही पुष्कळदा त्याचाच. ही गोष्ट मी आमच्या घरी मुद्दाम दोनदा सांगितली.

डार्विनचा भाग अगदी कोकणासारखा. तेथे ऋतू दोनच, ओला आणि सुका. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस, वादळे, घाम. मे पासून ऑक्टोबरपर्यंत निरभ्र आकाश. आंबे, पपई, केळी, अळू पाहून माझे मन तेथे रमले. (आपला सारा महाराष्ट्रही भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे उष्ण कटिबंधातच मोडतो. निफाडला जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्याला मात्र हे सांगून पटायचे नाही.) याच डार्विनवर १९७४ साली ऐन नाताळाच्या पहाटे ट्रेसी नावाचे चक्रीवादळ कोसळले आणि शहरातली बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. बायकामुलांना विमानांनी दूरच्या शहरांत न्यावे लागले. आज दिसते ते शहर त्यानंतर पुन्हा उभारलेले आहे.

नद्यांत आणि खाड्यांत मगरी. मोठी खाऱ्या पाण्याची मगर माणसालाही सोडीत नाही, म्हणून पाण्याकाठी पाट्या लावलेल्या असतात आणि त्या पाट्यांचा अनादर कोणी करीत नाही. पण मला अधिक नवल वाटले ते वारुळांचे. डार्विनच्या दक्षिणेस लिचफिल्ड नावाच्या राखीव रानात वाळवीची वारुळे आहेत, माणसाहून उंच आणि एखाद्या उभ्या फळीसारखी चपटी. शेकडो वारुळे, आणि सगळ्यांच्या अरुंद कडा उत्तर-दक्षिण! दुपारचे ऊन अरुंद कडेवर पडावे आणि आत फार तापू नये, यासाठी ही रचना. होकायंत्राशिवाय वाळवीला हे साधते.

कॅथरीन गाव सोडले, मातारांकाच्या कोमट झऱ्यात पाय सोडून बसून झाले, की हिरवा रंग हळूहळू मागे पडतो. झाडे बुटकी होतात, माती तांबडी होते आणि रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ. तासन् तास समोरून गाडी येत नाही. आली तर ती 'रोड ट्रेन', म्हणजे तीन-चार डबे जोडलेला मालट्रक, पन्नास मीटरांहून लांब. ती शेजारून गेली की आमचे घर थरथरे. संध्याकाळ झाली की गाडी थांबवायचीच, कारण कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात. एका पेट्रोलपंपापासून दुसऱ्यापर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर. त्या पंपावरच खाणावळ, तेथेच दुकान, तेथेच टपाल. त्याला गाव म्हणायचे!

येथेच माझ्या मनात प्रश्न आला. अशा ठिकाणी बाई राहते कशी? आत वळणाऱ्या धुळीच्या वाटेने पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर गुरांच्या मळ्यावर एखादे घर. नवरा आठ आठ दिवस गुरांमागे. मूल आजारी पडले तर? बाळंतपण आले तर? आणि आजारपण नसले, तरी बोलायचे कोणाशी?

याचे उत्तर मला अ‍ॅलिस स्प्रिंग्सला सापडले, ते मोठे ऐकण्यासारखे आहे. जॉन फ्लिन नावाच्या एका पाद्र्याने विमानाने डॉक्टर पाठविण्याची योजना काढली आणि १९२८ साली क्वीन्सलंड प्रांतातील क्लॉनकरी येथून तिची सुरुवात झाली. पण डॉक्टरला हाक कशी मारायची? तार नाही, टेलिफोन नाही, वीज नाही. तेव्हा आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या कारागिराने १९२९ मध्ये सायकलच्या पायटयांनी चालणारे रेडिओयंत्र तयार केले. बाईने खुर्चीवर बसून पाय मारायचे, त्यावर वीज उत्पन्न व्हायची, आणि त्या विजेवर निरोप जायचा. आरंभी तारेच्या कटकट भाषेत, पुढे प्रत्यक्ष आवाजात. शिवणयंत्र चालविणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना ते जड जाऊ नये. प्रत्येक मळ्यावर औषधांची एक पेटी ठेवलेली असे आणि तिच्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर शेकडो मैलांवरून सांगे, अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या. कोठे दुखते हे नीट सांगता यावे म्हणून माणसाच्या शरीराचे चित्र असे, त्यावरही क्रमांक. किती साधी युक्ती! औषधाचे लांबलचक नाव वाचता आले नाही म्हणून कोणाचे अडू नये.

आता पुढची गोष्ट तर आपल्या मंडळातच शोभणारी आहे. डॉक्टरी कामाच्या वेळा संपल्या की ठरलेल्या वेळी ते यंत्र बायकांना मोकळे सोडले जाई. मग कोणी लोणच्याची कृती विचारी, कोणी मुलाच्या दाताचे सांगे, कोणी नुसतीच "कशा आहात?" म्हणे. तिकडे गाला नावाचा गुलाबी-राखी रंगाचा पोपट आहे, थव्याने बसून विलक्षण कलकलाट करणारा. त्यावरून या वेळेला 'गालांची बैठक' असे नाव पडले. नाव पुरुषांनीच ठेवले असणार! पण विचार करा, एकमेकींचे तोंड वर्षानुवर्षे न पाहिलेल्या बायका, रोज ठराविक वेळी कामे हातावेगळी करून यंत्राशी बसत. सगळे सगळ्यांना ऐकू जाई, त्यामुळे गुपित उरत नसे, आणि एखादी चार दिवस बोलली नाही तर ते साऱ्या मुलखाला कळे. हे अदृश्य महिला मंडळच नव्हे काय?

पुढे याच यंत्रावर शाळा निघाली. अ‍ॅडिलेड मीथ्के नावाच्या शिक्षणक्षेत्रातल्या बाई. त्यांच्या लक्षात आले की मळ्यांवरची मुले माणसे पाहिली की आईच्या पदराआड लपतात, कारण त्यांनी सोबतीच पाहिलेले नसतात. मग रेडिओवरून वर्ग भरवावा ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्सची 'आकाशशाळा' सुरू झाली. आता मुले इंटरनेटवरून बाईंना पाहतात, बाई मुलांना पाहतात. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आपल्या नातवंडांनी मोबाइलवर जी शाळा केली, ती या मुलांच्या आजोबांनी केव्हाच केली होती. मात्र तेथेही मुलाशेजारी बसून अभ्यास करून घेणारी सहसा आईच. हेही आपल्या ओळखीचेच.

शहरगावी जाऊ शकणाऱ्या खेडवळ बायकांची संघटना याच्याही आधीची. १९२२ साली न्यू साउथ वेल्समध्ये 'कंट्री विमेन्स असोसिएशन' स्थापन झाली. त्यांनी आधी कोणते काम हाती घेतले असेल? भाषणे नव्हेत. बाळांच्या तपासणीची केंद्रे काढली, आणि बाजारगावात बायकांसाठी विश्रांतीच्या खोल्या उघडल्या. घोडागाडीतून दिवसभराची वाट तुडवून आलेल्या बाईला हातपाय धुवायला, बाळाला पाजायला, घटकाभर पाठ टेकायला जागा. मैत्रिणींनो, ज्या निफाडात १८४२ साली न्यायमूर्ती रानडे जन्मले, त्यांच्या रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा बायकांनी एकत्र येऊन काही करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यावरून भाजीची पाटी घेऊन आलेल्या बाईने बाळाला पाजायला कोठे बसावे आणि दिवसभर कशी कुचंबणा सोसावी, हा प्रश्न मी परतल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत मी तो मांडणार आहे, आतापासून सांगून ठेवते.

अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या अलीकडे टी ट्री नावाचे छोटे गाव लागते. त्या भर वाळवंटी मुलखात जमिनीखालचे पाणी उपसून खाण्याच्या द्राक्षांचे मळे लावले गेले. इकडच्या बागा पिकण्याआधी, नाताळच्या तोंडावर, माल दूरच्या शहरांत पोचवावा हा त्यामागचा हिशेब. हे ऐकल्यावर मी गाडी थांबवायला लावली. पाणी कोठून, छाटणी केव्हा, पेट्या भरायला बायका की पुरुष, माझे प्रश्न संपेनात. जावई म्हणाले, "आई, आपण उलुरू पाहायला निघालो आहोत." निफाडच्या बाईला द्राक्षाच्या वेलीजवळून हलविणे सोपे नाही.

अ‍ॅलिसची थंडी आपल्या निफाडला मान खाली घालायला लावील. दिवसा उबदार ऊन आणि पहाटे पारा शून्याखाली. सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरलेला. गावातून टॉड नावाची नदी वाहते, म्हणजे वाहत नाही, बहुधा कोरडीच असते. त्या कोरड्या वाळूत १९६२ पासून नावांची शर्यत सुरू झाली. नावेला तळ नसतो. आत उभे राहून ती हातांनी उचलायची आणि पायांनी पळायचे. १९९३ साली नदीला पाणी आले म्हणून शर्यत रद्द करावी लागली!

हसून झाले. आता जे सांगणार आहे ते हसण्याचे नाही.

अ‍ॅलिस स्प्रिंग्सला १८७२ चे जुने तारघर आहे. दगडी, टुमदार, भोवती गवत आणि झाडे. याच इमारतींत १९३२ ते १९४२ या काळात 'बंगला' नावाची संस्था होती. तेथे मुले ठेवीत. कोणाची? आई त्या भूमीची आदिवासी आणि बाप गोरा, अशी. सरकारी माणसे येत आणि आईच्या हातून मूल घेऊन जात. मुलांचे 'कल्याण' व्हावे म्हणून. असे एकाच ठिकाणी झाले नाही. देशभर कित्येक दशके, साधारण १९७० पर्यंत, हे चालले होते. पुष्कळ मुलांना पुढे स्वतःची आई, भाषा, गाव काहीच सापडले नाही. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत या लोकांची जाहीर क्षमा मागितली. त्या अंगणात मी उभी होते तेव्हा लेकीने माझा हात धरला. आम्ही दोघी काही बोललो नाही.

मघाशी ज्या रेडिओवर बोलणाऱ्या बायकांचे मी कौतुक केले, ते मागे घेत नाही. पण त्यांच्या घरची धुणी, भांडी, मुले सांभाळणाऱ्या बायका याच आदिवासींच्या होत्या. आणि गुरांच्या मळ्यांवर राबणाऱ्या त्यांच्या लोकांना पुष्कळ ठिकाणी मोबदला म्हणून पीठ, साखर, चहा आणि थोडीशी नाणी मिळत. १९६६ साली वेव्ह हिल मळ्यावरचे गुरिंजी लोक, बायकामुलांसकट, काम सोडून चालू लागले. आधी पगार मागितला, मग आपली जमीन मागितली. नऊ वर्षांनी, १९७५ मध्ये, पंतप्रधान व्हिटलम यांनी त्यांचे पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या ओंजळीत त्या जमिनीची माती घातली. नकाशावर ज्याला आपण 'ओसाड' म्हणतो, त्यातील प्रत्येक झऱ्याला, खडकाला, टेकडीला नाव होते आणि ते नाव ठाऊक असलेली माणसे होती. आमचे बिऱ्हाड चाकांवर होते, त्यांच्या अंगणातून चालले होते.

उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा एकच अखंड खडक. सूर्य कलतो तसा तो विटकरी, मग कुंकवासारखा, मग जांभळा होतो. तेथल्या अनंगू लोकांचे ते पवित्र स्थान. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ते त्यांना परत दिले. "यावर चढू नका" अशी विनंती ते लोक वर्षानुवर्षे करीत आणि प्रवासी साखळी धरून चढतच. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे बंद झाले. आम्ही पायथ्याने चालत प्रदक्षिणा घातली. सुमारे साडेदहा किलोमीटर भरते. वाटेत काही ठिकाणी छायाचित्र घेऊ नये अशा पाट्या आहेत. त्यांतल्या काही जागा केवळ बायकांच्या. तेथली कथा बायकाच बायकांना सांगतात, पुरुषांना ती ठाऊक असण्याचे कारण नाही. जावयांनी निमूटपणे कॅमेरा पिशवीत टाकला.

या मुलखातल्या बायकांनी १९८० साली आपली एक परिषद काढली. कारण ऐकाल तर ओळखीचे वाटेल. जमिनीच्या हक्कांसाठी बैठका चालल्या होत्या, पण त्यांत बायकांना कोणी विचारीत नव्हते. ज्या बायकांना पाण्याच्या जागा, कंदमुळे, पोराबाळांच्या जन्माच्या जागा तोंडपाठ, त्यांनाच नाही! तेव्हा तीन प्रांतांच्या सीमांवर पसरलेल्या त्या वाळवंटातून बायका एकत्र आल्या. मुलांचे पोषण, म्हाताऱ्यांची काळजी, घरातली मारहाण अशी कामे त्यांनी हाती घेतली. १९९५ पासून त्यांनी गवताच्या विणकामाचा उद्योग उभा केला. त्याचे नाव 'जानपी', म्हणजेच गवत. गवत आणायला जायचे निमित्त, त्या निमित्ताने मुलींना बरोबर न्यायचे, वाटेतल्या जागा दाखवायच्या, गोष्टी सांगायच्या आणि बसल्या बसल्या टोपली विणायची. पैसा बाईच्या हातात. २००५ साली यांतल्या काही बायकांनी मिळून गवताची चक्क एक मोटारगाडी विणली, खऱ्या टोयोटाएवढी, आणि देशातल्या आदिवासी कलेचा मोठा पुरस्कार त्या गाडीने पटकाविला. वाळवंटात गाडी म्हणजे दवाखाना, गाडी म्हणजे माहेर. ती त्यांनी गवतातून उभी केली.

अ‍ॅलिसच्या त्यांच्या दालनातून मी एक लहान टोपली घेतली, ती आज बरोबर आणली आहे. आता पहिल्या रांगेपासून फिरवते. तळाशी सुरुवात कशी केली आहे ते नीट पाहा. गवताची जुडी धाग्याने गुंडाळीत गोल गोल नेली आहे, मधला धागा तांबड्या लोकरीचा आहे. आपल्याकडच्या दुरड्या विणणाऱ्या बायकांना मी ती आधीच दाखविली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, टाका मोजला आणि म्हणाल्या, हात बसलेला आहे.